रस्ता कमी भरला

माझ्या नवऱ्याला सख्खी आत्या नाही. ती उणीव आमच्या ट्रकनं भरून काढली आहे. अंगानं भरदार, आवाज खणखणीत, कुठं वेळेवर पोचणं ठाऊक नाही, आणि पोचली की सगळ्यांनी उठून तिला जागा करून द्यायची. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी तिला आत्याबाई म्हणायला लागले. सासरे आधी रागावले, मग हसले, आणि आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आत्याबाईंची तब्येत आज बरी नाही.

आत्याबाई मुळात दगडाच्या खाणीतल्या. सासऱ्यांनी त्यांच्यावर उभं आयुष्य दगड वाहिला. खाणीतला रस्ता म्हणजे खड्डे आणि चढ. तिथं वेगाला कोणी विचारत नाही, जोर लागतो. म्हणून आत्याबाईंच्या मागच्या चाकांच्या धुऱ्यात जोराचा गिअर होता. इंजिनाकडून येणारा दांडा जवळजवळ सात वेळा फिरला की मागचं चाक कुठं एकदा फिरायचं. असा गिअर डोंगरही ओढेल, पण सपाट रस्त्यावर इंजिन मेटाकुटीला येतं. पंचेचाळीसच्या पुढं गेलं की आत्याबाई किंचाळायला लागायच्या. म्हणून सासऱ्यांनी वेगाच्या काट्यावरच्या काचेवर, बरोबर पंचेचाळीसच्या आकड्यापाशी, लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. गाडी मुलाच्या हाती दिली तेव्हा त्याला एवढंच सांगितलं, की काटा या रेघेच्या पुढं न्यायचा नाही.

माझा नवरा सांगितलेलं ऐकणाऱ्यांपैकी आहे. हा गुण लांबून चांगला वाटतो; त्याच्याबरोबर संसार करून बघा. बाकीचे ड्रायव्हर कानानं गाडी चालवतात. हा काट्यानं चालवतो. चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी त्याची एक नजर कायम त्या काट्यावर. काटा रेघेला टेकला की पाय सैल, मागं सरला की पाय घट्ट. इतक्या वर्षांत काटा रेघेच्या पुढं केसभरही गेलेला नाही. हे तो कोणाला सांगत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग खाण बंद झाली. घरामागची जमीन मोकळी होती, तिथं मी झाडं लावायला घेतली. हौस म्हणून सुरू केलं आणि बघता बघता तोच आमचा धंदा झाला. आमच्याकडं कुंडीतली नाजूक रोपं मिळत नाहीत. आम्ही वाढलेली झाडं विकतो, माणसापेक्षा उंच, मुळांभोवतीचा मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला. आज झाड लावून उद्या सावलीत खुर्ची टाकायची घाई असलेले लोक आमचं गिऱ्हाईक. एकेक गोळा उचलायला तीन-चार माणसं लागतात. तेवढं ओझं न्यायला आत्याबाईच हव्यात, यात वाद नाही.

वाद वेगळाच होता. झाडांचा बाजार भरतो मोठ्या शहरात, आमच्या फाटकापासून अडीचशे किलोमीटरवर, आठवड्यातून दोनदा. आत्याबाईंच्या चालीनं जायचं म्हणजे नवरा आदल्या दिवशी दुपारी निघणार, केबिनमध्ये पाय पोटाशी घेऊन झोपणार, सकाळी माल उतरवणार आणि घरी येणार तेव्हा मी जेवणखाण उरकून पेंगायला लागलेली. दोन बाजारांत चार दिवस गेले. उरलेल्या दिवसांत तो झोप भरून काढणार आणि आत्याबाईंना ग्रीस देणार. मला नवरा होता, पण बहुतेक वेळ खुंटीवरच्या शर्टाच्या रूपात.

मला तो घरी हवा होता. लोक विचारायचे, काही अडचण आहे का, तब्येतीचं काही आहे का. काही नव्हतं. संध्याकाळी नवरा समोर बसून जेवावा, मी दिवसभराच्या तक्रारी सांगाव्यात आणि त्यानं मान वर न करता हूं हूं म्हणावं, एवढीच माझी मागणी. इतक्या साध्या गोष्टीसाठी बाईमाणसानं झुरावं, याचा मला स्वतःलाच राग यायचा.

माझा धाकटा भाऊ जड गाड्यांचा मिस्त्री आहे. गाड्यांचं त्याला सगळं कळतं आणि बोलायची त्याला ॲलर्जी आहे. ही रड घेऊन मी त्याच्या गॅरेजात गेले. तो एका ट्रकखाली आडवा पडला होता. मी त्याच्या बुटांशी बोलत राहिले. माझं सगळं सांगून झाल्यावर खालून आवाज आला, "ताई, मागचा गिअर बदल."

पुढचं त्याच्याकडून चिमट्यानं काढावं लागलं. मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात दोन गिअर एकमेकांत अडकलेले असतात. परातीएवढा मोठा तो क्राउन आणि मुठीएवढा छोटा तो पिनियन. छोटा मोठ्याला फिरवतो आणि मोठा चाकांना. पिनियनला दात कमी असले की जोर जास्त आणि वेग कमी. दात वाढले की जोर थोडा जातो आणि वेग येतो. आत्याबाईंच्या पिनियनला सहा दात. भावाच्या अंगणात त्यांच्याच जातीची एक गाडी मोडीत निघाली होती, जन्मभर हमरस्त्यावर धावलेली, तिच्या पिनियनला आठ. मी म्हटलं, मग तेवढा छोटा काढून घालू. तर म्हणाला, तसं चालत नाही, क्राउन आणि पिनियन जोडीनंच काढायचे आणि जोडीनंच बसवायचे, एकमेकांवर घासून त्यांचे दात जुळलेले असतात. हे मला लगेच पटलं.

"सात फेऱ्यांचं काम पाचात होईल," असं सांगून तो परत ट्रकखाली गेला.

घरी विषय काढला आणि सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांचं म्हणणं, आत्याबाईंचा जोर काढून घेणं म्हणजे पैलवानाला धावायच्या शर्यतीत उतरवणं. शहराच्या अलीकडं नदीवर पूल आहे आणि पुलाआधी एक लांबलचक चढ. तिथं नव्याकोऱ्या गाड्या धापा टाकतात. भरल्या अंगानं आत्याबाई त्या चढावर बसणार आणि मग त्यांना उठवायला क्रेन लागणार, असं भविष्य त्यांनी वर्तवलं. नवऱ्यानं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, चहा गार झाला.

दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी तह झाला. नवी जोडी बसवायची आणि एक फेरी करायची. फरक पडला तर राहू द्यायची. नाही पडला, किंवा आत्याबाई चढावर बसल्या, तर जुनी जोडी परत आणि हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. निकाल नवऱ्यानं द्यायचा. त्याला मी लगेच कबूल झाले, कारण माझा नवरा खोटं बोलत नाही. हीच गोष्ट माझ्या अंगलट येणार होती.

कामाच्या दिवशी आपण पाऊल टाकणार नाही, असं सासऱ्यांनी जाहीर केलं होतं. आम्ही गॅरेजात पोचलो तर ते आमच्याही आधी येऊन एका उलट्या क्रेटवर बसलेले. म्हणाले, इकडून चाललो होतो. गॅरेजाच्या पुढं रस्ता संपतो, त्यामुळं कुठं चालले होते ते आम्ही विचारलं नाही.

भावानं आत्याबाईंची मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. खालचा बोल्ट काढला तसं काळंकुट्ट तेल घमेल्यात पडायला लागलं. दोन्ही चाकांतून लांबलचक दांडे बाहेर ओढले, मधला शाफ्ट सोडवला, आणि साखळीच्या कप्पीला लटकवून आतला गिअरचा लोखंडी गोळा अलगद खाली आणला. नवरा आणि भाऊ, दोघांच्या कपाळाच्या शिरा टरारल्या होत्या. मला रॉकेलचा डबा आणि ब्रश मिळाला. जुना क्राउन मी धुऊन काढला तेव्हा त्याचे दात चांदीसारखे चकाकायला लागले. सासरे उठून जवळ आले आणि त्यावरून एकदा अंगठा फिरवून परत जागेवर बसले. त्या वेळी मला त्यांचं वाईट वाटलं.

नवी जोडी बसवणं म्हणजे नुसते नट आवळणं नाही. क्राउनच्या दातांना निळी शाई लावायची, पिनियन हातानं फिरवायचा आणि डाग कुठं उमटतो ते बघायचं. डाग दाताच्या मधोमध हवा. कडेला पडला तर दात झिजतात आणि गिअर जन्मभर रडतो. पहिल्यांदा फिरवलं, भाऊ वाकून बघत म्हणाला, "चालेल." लगेच क्रेटवरून आवाज आला, की चालेल म्हणजे काय, हा डाग मधोमध आहे का? परत खोललं, पिनियनमागची पातळ चकती बदलली, परत शाई. आता डाग भलत्याच कडेला. मग सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि थेट टेबलाशी आले. ज्या गिअरला त्यांचा विरोध होता, तो नीट बसेना म्हणून ते माझ्या भावावर ओरडत होते आणि भाऊ मुकाट्यानं चकत्या पुढं करत होता. चौथ्या वेळी निळा डाग दाताच्या बरोबर मध्यावर उमटला. सासऱ्यांच्या बोटांना, नाकाला, कानाच्या पाळीला शाई लागली होती. "याला म्हणतात बसवणं," ते म्हणाले, आणि मग आपण कोणाच्या बाजूचे आहोत ते आठवून परत तोंड वाकडं करून बसले.

ब्रेकचे लायनरही मी नवे घालून घेतले. पळणं वाढणार तर थांबणंही सुधारायला हवं, एवढं गणित मला येतं. तेल भरून, शेवटचा बोल्ट आवळून भावानं हात पुसले आणि म्हणाला, "झालं." त्यानं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते नंतर कळलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. या फेरीला मी बरोबर जाणार, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. साक्षीदार नको का? मागं झाडं दाटीवाटीनं उभी, शेंड्यांवर जाळी. नवऱ्यानं मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचला. अडीचशे भरले की बाजार आला, असा त्याचा हिशेब असतो. सासरे फाटकात उभे होते. त्यांनी नेहमीसारखा हात केला नाही, नुसते बघत राहिले.

सुटताना आत्याबाई जरा अडखळल्या. मग एकेक गिअर वर टाकत नवऱ्यानं त्यांना हमरस्त्यावर आणलं. काटा चढत चढत रेघेपाशी गेला आणि टेकला. इंजिनाचा आवाज नेहमीचाच. पाय सैल, पाय घट्ट. मी काट्याकडं बघत होते. पंचेचाळीस. अर्धा तास झाला, पंचेचाळीसच.

"सांगू का," नवरा हळूच म्हणाला, "मला काही फरक वाटत नाही."

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाहेर बघावं तर खांब भराभर मागं पडत होते, आत बघावं तर काटा तिथंच चिकटलेला. पण मी या गाडीतून लांबवर कितीदा गेले होते? मला काय ठाऊक खांब कसे मागं पडतात. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले की माझ्या नवऱ्याला भीती वाटते. म्हणून तो बोलायला लागला. हा माणूस घरी दिवसाला दहा वाक्यं बोलतो. त्या दिवशी त्यानं मला रस्ता दाखवायला सुरुवात केली. या वळणावर एक कुत्रा रोज भुंकायला येतो. त्या टपरीवरचा माणूस चहात साखर घालायला विसरतो, पण वाईट वाटेल म्हणून हा सांगत नाही. इथं एकदा दाट धुकं उतरलं होतं तेव्हा तो खाली उतरून पायी पुढं बघून आला होता. इतकी वर्षं तो या रस्त्यावर एकटा काय काय बघत होता, ते मला पहिल्यांदाच कळत होतं. मी खिडकीकडचं तोंड कधी वळवलं ते मलाच कळलं नाही.

मध्येच एक टँकर पुढं आला. आत्याबाई त्याच्या मागं लागल्या आणि बघता बघता त्याच्या शेजारी आल्या. "याला काही झालंय वाटतं," नवरा कळवळून म्हणाला आणि टँकरला मागं टाकलं. पुढं एक लाकडं भरलेली गाडी भेटली, तिचंही तेच. मग चक्क एक बस. बसच्या खिडकीतून लोक आमच्या झाडांकडं आ वासून बघत होते. "आज सगळेच हळू चाललेत," नवरा म्हणाला. "पुढं काही अपघात-बिपघात असेल." आयुष्यात कधी कोणाला मागं न टाकलेला हा माणूस, आणि ज्याला मागं टाकत होता त्याची त्याला काळजी वाटत होती.

मग तो चढ आला. नवऱ्यानं एक गिअर खाली घेतला. आत्याबाई थरथरल्या, पुढं सरकल्या, पुन्हा दमल्या. आवाज खोल खोल जायला लागला. मला सासऱ्यांची क्रेन दिसायला लागली. नवऱ्यानं आणखी एक गिअर खाली घेतला, पूर्वी इथं कधी लागला नव्हता इतका खालचा, आणि आत्याबाईंनी मनावर घेतलं. हळू, पण न थांबता, गोंगाट करत आम्ही वर पोचलो आणि पुलावर आलो. खाली नदी चमकत होती. मी टाळ्या वाजवल्या. नवरा हसला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "बसली नाही हे खरं," तो म्हणाला. "पण फरकही पडला नाही ना. मी काय सांगणार बाबांना?" त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, आणि तरी तो खोटं बोलणार नव्हता. मला त्याचा असा राग आला आणि अशी माया आली, की दोन्ही एकाच वेळी कुठं ठेवावीत ते कळेना.

बाजाराचं फाटक बंद होतं. नवरा उतरून फाटकवाल्यावर उखडला, की बाजाराच्या दिवशी सुट्टी घेता आणि कळवत नाही. फाटकवाला शांतपणे म्हणाला, सुट्टी नाही, बाजार उघडायला अजून वेळ आहे. मग त्यानं आमच्या झाडांकडं बघून विचारलं, ही अशी मागं विंचरलेली का दिसताहेत? खरंच, जाळीतून निसटलेले सगळे शेंडे मागच्या बाजूला झोपले होते.

मी म्हटलं, आपण लवकर आलोय. नवरा म्हणाला, कसं शक्य आहे, काटा पंचेचाळीसच्या पुढं गेला नाही, तूही बघत होतीस. वाटेत चहाला थांबलो नाही, म्हणून जरा वेळ वाचला असेल. मी म्हटलं, चहाला माणूस दीड तास घेतो का? तर तो मान खाली घालून म्हणाला, "तू बरोबर होतीस ना. म्हणून वेळ कळला नाही."

मला ऐन रस्त्यात लाजल्यासारखं झालं.

पण तो सरळ माणूस, त्याला पुरावा हवा. मीटर बघ, म्हणाला, अडीचशे भरले असतील, म्हणजे पटेल. तो केबिनमध्ये चढला आणि बराच वेळ खाली आला नाही. मी वर जाऊन बघितलं, तर तो मीटरसमोर बोटांवर मोजत बसला होता. त्यानं पुन्हा एकदा हिशेब केला आणि माझ्याकडं वळला.

"रस्ता कमी भरला," तो म्हणाला. "एकशे ऐंशीसुद्धा झाला नाही."

आम्ही दोघं त्या आकड्याकडं बघत राहिलो. रस्त्याचं एखादं वळण कापलं असेल, असं तो आधी म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलं नाही. वळणं सगळी त्यानं मला दाखवली होती, कुत्र्यासकट. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शहर आपल्या जागी होतं, रस्ता आपल्या जागी होता. गंडला होता तो मीटर, आणि मीटर चुकत असेल तर त्याच्या शेजारचा काटा कशावरून खरा?

मी भावाला फोन लावला. त्याला म्हटलं, आता एका शब्दात बोलायचं नाही. तो बिचारा बोलला. काट्याची आणि मीटरची तार गिअरबॉक्सला असते. गिअरबॉक्सच्या मागं काय बदललंय ते तिला कळत नाही. ती जुन्याच गिअरच्या हिशेबानं दाखवत राहते. आता काटा पंचेचाळीस दाखवेल तेव्हा गाडी साठाच्या वर असणार.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"ताई, गाडी चालवताना काट्याकडं कोण बघतं?"

मी फोन ठेवला आणि तिथंच पायरीवर बसून हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जिंकलो होतो आम्ही. टँकर ठणठणीत होता, बसही ठणठणीत होती. मी नवऱ्याकडं बघितलं आणि माझं हसू थांबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे मी साठाच्या वर गेलो," तो म्हणाला. "सकाळपासून."

मी समजावलं, की ब्रेक नवे आहेत, रस्ता मोकळा होता, बाकीच्या गाड्या याहून जोरात जातात. त्याच्या कानात काही शिरेना. बापानं ओढलेली रेघ त्यानं ओलांडली होती, तीही न कळता. परत जाताना तो खऱ्या पंचेचाळीसनंच जाणार होता, म्हणजे काटा बत्तीसवर धरून. मग फरक काय राहिला? काहीच नाही. उलट आत्याबाईंचा जोर फुकट गेला. जुनी जोडी परत घालू, असं तो म्हणाला. ते त्यानं इतक्या दुःखानं म्हटलं की मला भांडताही येईना. माझ्या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोरून परत चालल्या होत्या.

माल उतरेपर्यंत मी दम धरला. सगळी झाडं खाली आली, गिऱ्हाइकांनी आपापली उचलली. मग मी सासऱ्यांना फोन लावून तो नवऱ्याच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. माझ्याकडं आता दुसरा उपाय नव्हता.

सासऱ्यांनी आधी चढाचं विचारलं. बसली नाही, असं ऐकून नुसतं हूं म्हणाले. मग नवऱ्यानं सगळं सांगितलं, काटा, तार, साठाच्या वर, रेघ. कबुलीजबाब देतात तसं.

"इंजिन किंचाळलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. नेहमीसारखंच होतं."

"मग रेघ कुठं ओलांडलीस? अरे, ती रेघ मी इंजिनासाठी मारली होती. इंजिन तेवढंच फिरलंय. रस्त्यासाठी तुला डोळे दिलेत, ते वापर."

नवरा फोनवरच मान हलवत राहिला. सासऱ्यांना वाटलं असावं की फोन बंद झाला, कारण ते जास्तच मोठ्यानं बोलायला लागले. "आणि लवकर या. रोज रोज मी एकटाच तुझ्या बायकोच्या तक्रारी ऐकतोय. माझं वय झालं आता."

येताना गाडी रिकामी होती आणि आत्याबाई अशा धावल्या की काय सांगू. काटा रेघेला टेकलेला आणि माझा नवरा, पहिल्यांदाच, काट्याकडं न बघता समोर बघत होता. वाटेत त्या टपरीवर थांबून आम्ही चहा घेतला. साखर नव्हती. मी ते सांगितलं आणि टपरीवाल्याला मुळीच वाईट वाटलं नाही.

फाटकातून आत शिरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. सासरे काठी विसरून पुढं आले आणि आत्याबाईंच्या मागच्या फुगवट्याला हात लावून, फार तापला नाही ना, ते बघून गेले. नवरा हातपाय धुऊन घरात आला आणि मधोमध उभा राहिला. बाजाराच्या दिवशी या वेळेला घर कसं असतं ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं. कुठं बसावं ते त्याला सुचेना. मी खुर्ची पुढं केली. पाहुण्यासारखा तो तिच्या टोकावर बसला.

जेवण वाढलं. सासरे लवकर जेवून बाहेर जाऊन बसले. तेवढं शहाणपण त्यांना आहे. आम्ही समोरासमोर. निकाल अजून यायचा होता. तो पाणी प्यायला आणि त्यानं घसा साफ केला.

"गिअर राहू दे," तो म्हणाला. "फरक आहे. पण सकाळी वेळ कळला नाही, तो गिअरमुळं नाही. ते मी खरंच बोललो होतो."

माझ्यासारखीला शब्द सापडू नयेत, म्हणजे बघा. त्यानं काळजीनं माझ्याकडं बघितलं.

"बोल ना," तो म्हणाला. "दिवसभराचं सांग."

"दिवसभर तर तुम्ही बरोबरच होतात."

"तरी सांग."

मग मी पहाटेपासून सुरुवात केली.